चौथा लोच : टाकी क्र. २ च्या नोंदी

रविवार, १४ जानेवारी २०२४

मोठ्या टाकीत गोगलगायींचा सुळसुळाट झालाय. काल रात्री दिवा बंद करून अर्ध्या तासाने बॅटरी मारली आणि फक्त समोरच्या काचेवरच्या मोजल्या. ६३. नोव्हेंबरात आणलेल्या वनस्पती मी न धुता लावल्या होत्या, त्यामुळे दोष कुणाला द्यायची सोय नाही.

उपाय म्हणून आज तीन यो-यो लोच आणले. लोच म्हणजे तळाशी राहणारे मिशाळ मासे. हे त्यातल्या बोटिया जातकुळीतले, गोगलगाय शंखातून शोषून काढतात. घरी येऊन पाकीट टाकीत तरंगत ठेवलं आणि मोजलं तर चार. तीन यो-यो, अंगावर इंग्रजी वाय आणि ओ सारखी नक्षी असलेले, आणि खाली कोपऱ्यात चपटं बसलेलं चौथं कुणीतरी.

बिल पाहिलं. दुकानातल्या पोऱ्याने पेन्सिलीने खरडलंय : यो-यो ३, पुढे रक्कम. खालच्या ओळीत काहीतरी अडीच अक्षरं, 'मुद्रा' किंवा 'मुरा', पुढे रकमेच्या जागी आडवी रेघ. टाकीचा नंबर असेल किंवा कुणाचं तरी नाव. बिल वहीत चिकटवून ठेवलंय (मागच्या हीटरच्या वॉरंटीचं जे झालं त्यावरून शहाणी झाले).

मालकांना फोन केला. "ताई, तोही बोटियाच आहे. बोटियात येतात असे मिक्स. राहू द्या, पैसे नाही लावले."

बोटिया नाही हा. बोटियाचं अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं असतं, शेपूट खोल दुभंगलेलं. याचं अंग गोल काडीसारखं आणि शेपूट जवळपास सरळ कापलेलं.

सोमवार, १५ जानेवारी (संक्रांत)

चौघांनाही आधी वेगळं ठेवायचं ठरवलं. दोन टाक्या रिकाम्या नाहीत म्हणून यो-यो प्लास्टिकच्या टबात आणि चौथा जुन्या २४ × १२ × १२ इंची टाकीत. तिलाच आता टाकी क्र. २ म्हणायचं. काठोकाठ भरली तर ५६ लिटर, मी साधारण ५० वर थांबले. तळाला बारीक वाळू, तीन गोटे, स्पंज फिल्टर आणि प्रवाहासाठी छोटा पंप. सकाळचं तापमान २१.५.

जाळीने उचलताना एक गोष्ट घडली ती लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. पहिला यो-यो जाळीत आला आणि अडकला. डोळ्याखालचा काटा उभा करून त्याने तो कापडात रुतवला होता. ओढलं असतं तर माशाचा गाल फाटला असता. शेवटी लेकीने नखं कापायच्या कात्रीने जाळीचे चार धागे कापले, मी मासा पाण्यातच धरून ठेवला. या सगळ्यात तो टिक्-टिक् असा आवाज करत होता. बोटिया असा आवाज काढतात हे वाचलं होतं, पाण्याबाहेर इतका स्पष्ट पहिल्यांदाच ऐकला.

चौथा मात्र त्याच जाळीतून ओल्या साबणासारखा सुटून गेला. कुठे अडकणं नाही, आवाज नाही.

तिळगूळ वाटत फिरण्याऐवजी आम्ही दोघी जमिनीवर बसून जाळी शिवत होतो. सासूबाईंनी वर्णन नीट केलंय, इथे लिहीत नाही.

गुरुवार, १८ जानेवारी

फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या अॅपला तीन फोटो दाखवले. पहिल्याला त्याने थायलंडचा एक लोच ठरवलं, दुसऱ्याला दक्षिण अमेरिकेतला मार्जारमीन, तिसऱ्याला गप्पी. तिसऱ्या फोटोत मागच्या टाकीतली गप्पी खरंच दिसत होती, त्यामुळे ते उत्तर एकट्यापुरतं बरोबर धरायला हवं.

चूक अॅपची कमी, माझी जास्त. वरून, तिरके, काचेवर माझाच हात दिसतोय असे फोटो. त्यातून रंग आणि ठिपके एवढंच कळतं, आणि लोचमध्ये रंगावर जायचं नसतं. हा मासा सकाळी गडद असतो, दिवा लावला की दहा मिनिटांत फिका पडतो. वाळूवर बसला तर एक रूप, काळ्या गोट्यावर बसला तर दुसरं.

वागणं : छातीच्या परांवर टेकून बसतो, पुढचे दोन हात टेकवून बसलेल्या कुत्र्यासारखा. हलायचं झालं तर छोट्या उड्या. मधल्या पाण्यात तरंगणं नाहीच. अशा बऱ्याच लोचांची हवेची पिशवी लहान झालेली असते आणि पुढचा भाग हाडाच्या डबीत बंद, त्यामुळे तळ हीच त्यांची जागा. प्रवाहात वाहून न जाण्यासाठी सोयीचं.

गोगलगाय त्याच्या नाकासमोर सोडली. त्याने तिला वळसा घातला.

रविवार, २१ जानेवारी

फोटोची पेटी केली. कपाटाच्या उरलेल्या काचेचे तुकडे, सिलिकॉन, आतून रुंदी फक्त ४ सेंटीमीटर, म्हणजे माशाला वळता येतं पण तिरकं उभं राहता येत नाही. मागे आलेखाचा कागद लॅमिनेट करून चिकटवला. प्रकाश बाजूने, फ्लॅश बंद. मासा आत जास्तीत जास्त तीन मिनिटं, पाणी त्याच्याच टाकीतलं. लवंग तेलाची भूल द्यायची पद्धत आहे, पण एकुलता एक मासा आणि मात्रेचा अनुभव नाही, तेव्हा नको.

४१ फोटोंतून कामाचे ५ निघाले.

तोंडाच्या टोकापासून शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंत ४.६ सेंटीमीटर. (ही प्रमाण लांबी. शेपटीचा पर धरत नाहीत, कारण तो फाटतो, झिजतो.) शेपूट धरून ५.५.

रंग मातकट पिवळा. पाठीवरून खाली येणारे तपकिरी डाग आणि कडेने दुसरी एक ओळ, दोन्ही एकमेकांत कुठे मिसळतात, कुठे नाहीत. शेपटीच्या परावर आडवे गडद पट्टे. आणि एक खूण सगळ्या फोटोंत कायम : शेपटीच्या मुळाशी, मधोमध नाही तर वरच्या अर्ध्यात, काळा टिपका आणि त्याभोवती फिकट कडं. खोट्या डोळ्यासारखा. मासा फिका पडला तरी हा पडत नाही. वहीत याला लाल शाईने चौकट केली.

शुक्रवार, २६ जानेवारी

सुट्टी. आज नाव शोधायचं नाही, फक्त घराणं ठरवायचं असं ठरवून बसले. दुकानात 'लोच' या एका शब्दाखाली निदान चार वेगळी कुळं विकली जातात, आणि मी इतके दिवस सगळ्यांची चित्रं एकत्र पाहत होते.

बोटिडी : बाद. कारणं पहिल्याच दिवशी लिहिलीत.

बॅलिटोरिडी, म्हणजे धबधब्याच्या खडकाला चिकटणारे चपटे लोच : यांचे छातीचे आणि पोटाचे पर पंख्यासारखे आडवे पसरलेले असतात. बाद.

कोबिटिडी : इथे मी दीड तास घालवला. कुहली लोच यातलेच. आपल्याकडच्या ओढ्यांतला लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिसही यातलाच. त्याच्या थर्मॅलिस या नावात श्रीलंकेतल्या उन्हाळ्यांचा, गरम पाण्याच्या झऱ्यांचा संबंध आहे. या कुळाची खूण म्हणजे डोळ्याखालचा काटा. आणि फोटो क्र. १७ मध्ये आमच्या माशाच्या डोळ्याखाली काहीतरी होतंच! मी वहीत 'कोबिटिडी, नक्की' असं लिहूनही टाकलं.

मग लेक म्हणाली, "आई, काटा असता तर जाळीत अडकला नसता का?"

पुन्हा फोटो मोठा केला. काटा नाही. मऊ कातडीची छोटी झडप आहे, खालची कड मोकळी, वर खाच. हाडाचं टोक कुठेच नाही. शिवाय मिशा मोजल्या : तोंडाच्या टोकाला दोन जोड्या, जबड्याच्या कोपऱ्यात एक, एकूण सहा. लेपिडोसेफॅलिक्थिसला आठ दिसायला हव्या होत्या.

म्हणजे उरलं नेमाकायलिडी. ओढ्या-नद्यांच्या तळाचे, काटा नसलेले, सहा मिशांचे. 'नक्की' या शब्दावर काट मारली. १५ तारखेची जाळी शिवून ठेवल्याबद्दल लेकीला दोन चॉकलेटं.

मंगळवार, ३० जानेवारी ते रविवार, ४ फेब्रुवारी

एकत्रच लिहिते. ३० ला सकाळी पाठीच्या परावर साखरेचे कण पडल्यासारखे ठिपके. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. लोचना तो सगळ्यांच्या आधी होतो, आणि खवले बारीक, कातडीत रुतलेले असल्याने औषधही त्यांनाच आधी बाधतं. मॅलेकाइट ग्रीनचं औषध निम्म्या मात्रेत, रोज एक तृतीयांश पाणी बदलून. तापमान हळूहळू २८ पर्यंत. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो म्हणून हवेचा दगड वाढवला. औषध अंगावरच्या ठिपक्यांवर चालत नाही, ठिपका फुटून परजीवी पाण्यात मोकळा पोहू लागतो तेव्हाच त्याला गाठता येतं, त्यामुळे ठिपके दिसेनासे झाल्यावरही औषध थांबवलं नाही.

टबातल्या यो-योंनाही झाला. एक गेला.

रविवार, ११ फेब्रुवारी

चौथा पूर्ण बरा. लाल अळ्या खातो, वाळू तोंडात भरून कल्ल्यांतून सोडतो. यो-यो परवापासून मोठ्या टाकीत आणि काचेवर आज २२ गोगलगायी. प्रकल्पाचा मूळ हेतू साध्य होतोय, पण आता त्यात कुणालाच रस नाही.

नेमाकायलिडीत कोण? पश्चिम घाटातले दोन उमेदवार घेतले, ते का बाद झाले ते लिहिते.

शिस्टुरा डेनिसोनाय. आपल्याकडच्या ओढ्यांत भरपूर. पण शिस्टुराला साधारणपणे अंगावर उभे पट्टे आणि शेपटीच्या मुळाशी एक उभी काळी पट्टी. आमच्याकडे पट्टीच्या जागी वरच्या बाजूचा टिपका. नाही.

इंडोरिओनेक्टिस एवेझार्डाय. हा मला मनापासून हवा होता, कारण फ्रान्सिस डे या मासे-अभ्यासकाने १८७२ मध्ये तो पुण्याहूनच वर्णन केला, एव्हेझार्ड नावाच्या कर्नलच्या नावावरून. पण त्याच्या पुढच्या नाकपुडीची कड मिशीसारखी लांब वाढलेली असते, समोरून पाहिलं तर मिशांची चौथी जोडी वाटावी. आमच्या माशाची नाकपुडी साधी. हव्या असलेल्या उत्तराकडे मासा ओढत न्यायचा नाही. नाही.

आता पाठीच्या पराच्या काड्या. मोजायची रीत अशी : पुढच्या साध्या, न फुटलेल्या काड्या सोडायच्या, टोकाशी फाटे फुटलेल्या मोजायच्या. शेवटच्या दोन काड्या एकाच बुडातून निघतात, म्हणून शेवटची अर्धी धरतात. शिस्टुरा आणि त्याच्या बऱ्याच भावंडांत ही संख्या सात-आठच्या आसपास येते. मी मोजल्या : ९, ११, १०. लेकीने फोटो छापून घेतला, प्रत्येक काडीवर पेनाने ठिपका दिला आणि तीनदा मोजून साडेदहा सांगितलं. तिचा आकडा घेतला.

सात-आठ नाही. म्हणजे पाठीचा पर लांब बुडाचा. उमेदवारांची यादी एकदम आखूड झाली.

रविवार, १८ फेब्रुवारी

मिळाला. निदान प्रजाती तरी मिळाली, मराठीत ज्याला प्रजाती म्हणतात ती, वरची पायरी : पॅराकँथोकोबायटिस. व्यापारातलं नाव झिपर लोच.

चार खुणा जुळल्या. शेपटीच्या मुळाशी वरच्या अर्ध्यात कडं असलेला काळा टिपका. लांब बुडाचा पाठीचा पर. डोळ्याखालची झडप, जी फक्त नरांत असते. (म्हणजे चौथा हा 'तो'च आहे. मी इतके दिवस व्याकरणाच्या सोयीने लिहीत होते, ते खरं निघालं.) आणि ओठ. ओठांसाठी आज मुद्दाम वेळ दिला. काचेला तोंड लावून तो शेवाळ चाटत होता तेव्हा भिंगातून पाहिलं. वरच्या ओठावर एकाखाली एक दाण्यांच्या ओळी, राजगिऱ्याच्या लाडवाच्या पृष्ठभागासारख्या. खालच्या ओठावर मध्ये फट आणि फटीच्या दोन्ही बाजूंना दाण्यांची रुंद गादी. पुस्तकी वर्णनात हे एक ओळीचं वाक्य असतं. प्रत्यक्षात काचेवर दाबलेले ते ओठ पाहिल्यावर ती ओळ पहिल्यांदा समजली.

आणि आता गंमत. या प्रजातीतला सगळ्यात जुना, सगळ्यात माहितीतला मासा कोणता? पॅराकँथोकोबायटिस बोटिया. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याला कोबायटिस बोटिया म्हटलं, तिकडच्या बोलीतलं नाव उचलून. पुढे १८३१ मध्ये ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने 'बोटिया' हाच शब्द यो-योच्या घराण्याला दिला. दोन वेगळ्या कुळांतले मासे, एकाचं आडनाव बोटिया, दुसऱ्याचं पाळण्यातलं नाव बोटिया.

"ताई, तोही बोटियाच आहे." मालक चुकले होते की बरोबर होते?

रविवार, २५ फेब्रुवारी

बरोबर की चूक ते अजून ठरायचंय. २०१५ मध्ये सिंगर आणि पेज यांनी या झिपर लोचांची नव्याने छाननी केली आणि पाच नव्या जाती वेगळ्या काढल्या. म्हणजे पूर्वी दिसेल त्या झिपर लोचला बोटिया म्हणून मोकळं व्हायचे, तसं आता चालत नाही. आमच्यापुरते दोन दावेदार : गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा बोटिया आणि दख्खनच्या, कृष्णा-गोदावरीच्या पाण्यातला, ज्याचं नाव रोमन लिपीतून मी 'मूरेह' असं वाचते. हे कुठल्या भाषेतलं, देव जाणे. ग्रीक वाटत नाही.

अंगावरच्या नक्षीवरून मला हे दोन फोडता येणार नाहीत, निदान एका जिवंत माशावरून तर नाहीच. एका खेपेतले दोन भाऊही सारखे दिसत नाहीत. मासा कुठल्या पाण्यातला, हे कळलं तर पुढे जाता येईल. आणि दुकानातल्या माशाला गाव नसतं.

मालकांना विचारलं. "सगळा माल कोलकात्याचा." ते खरंच आहे. ईशान्येकडचे आणि उत्तर बंगालचे नदीतले मासे कोलकात्याच्या बाजारातून देशभर जातात, आमचे यो-योही तसेच आले असणार. मग हाही तिकडचा, म्हणून बोटिया.

टाकीवर चिठ्ठी लावली : 'पॅराकँथोकोबायटिस सीएफ. बोटिया'. सीएफ. म्हणजे 'याच्याशी ताडून पाहा'. अभ्यासकांनी ही फार सभ्य पळवाट ठेवलीय. दिसतो तसा, पण सही करणार नाही. सासूबाईंनी चिठ्ठी वाचून विचारलं, "सी. एफ. म्हणजे काय, त्याची पदवी का?"

शुक्रवार, ८ मार्च (महाशिवरात्र)

उपास, सुट्टी आणि डोकं रिकामं. मूरेहचा शोध घ्यावा म्हणून त्याला पहिल्यांदा नाव देणाऱ्यापासून सुरुवात केली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला माणूस, मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरला आणि जाता जाता इथले पक्षी, प्राणी, मासे नोंदवले. माशांची वर्णनं १८३९ मधली. प्रदेशाचं नाव तो 'डुखुन' असं लिहितो.

त्याने नावं दिलेल्या माशांची यादी उतरवून घेत होते. आधी नुसती अक्षरं वाटली. मग मोठ्याने वाचायला लागले.

खुद्री. तो मोठा महसीर, साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला वर्णन केलेला. बरं.
फुलंगी.
नुकटा. नाकाडावर टेंगळं असलेला.
मुल्या... मल्या... मळ्या! गोट्यांना चिकटणारा मळ्या. लहानपणी मामाकडे ओढ्यात बोटांना चावे घ्यायचे ते.
सींगटी. म्हणजे शिंगटी! शिंगटीचा काटा लागून मामाचा हात दोन दिवस सुजला होता.
पोटेल. हा पाटील असावा अशी मला दाट शंका आहे.

हे लॅटिन नव्हेच. या माणसाने नदीकाठी बसून, जाळं झाडणाऱ्याला "याला काय म्हणता?" असं विचारलेलं दिसतंय, आणि त्याच्या इंग्रजी कानाला जे ऐकू आलं ते लिहून घेतलंय. दोन ओ म्हणजे ऊ, दोन ई म्हणजे ई, शेवटचा एच आपल्या आकारासाठी.

म्हणजे मूरेह नाही. मुरे. किंवा मुरा.

उठले आणि जानेवारीची वही काढली. चिकटवलेलं बिल. यो-यो ३. खाली पेन्सिलीने, शिरोरेघ न दिलेलं, पण आता दुसरं काही वाचताच येईना : मुरा १.

कोलकात्याचा माल म्हणे.

रविवार, १० मार्च

दुकानात मालक नव्हते, बरंच झालं. पोऱ्या होता, विशीतला, मासे पाकिटात भरत. बिल दाखवलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो ताई. का, काय झालं? पैसे नव्हते लावले."

"मुरा म्हणजे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. बटाटा म्हणजे काय असं विचारल्यासारखा. "मुरा म्हणजे मुरा. मासाच की. तुम्ही पाकिटावर बोट ठेवून विचारलेलं ना, खाली बसलाय तो कोण, मी म्हटलं मुरा."

मी विचारलं होतं? विचारलं असेल. आणि उत्तर ऐकून घेतलं नसेल, कारण तोपर्यंत मी मोबाइलवरून पैसे देत होते. आठ आठवडे, ४१ फोटो, काचेची पेटी.

तो भोर तालुक्यातला. नीरा नदी गावाला लागूनच. दिवाळीत घरी गेला होता तेव्हा चुलत्याच्या बारीक आसाच्या जाळ्यात पाच-सहा आले, त्याने बाटलीतून आणले आणि यो-योंच्या टाकीत सोडले. "मालक म्हणाले, असले कोण घेणार. गावाकडं मोठ्या माशांबरोबर आले तर कालवणात टाकतो, मुद्दाम धरत नाही कुणी. अंगाला गुळगुळीत असतो, हातात राहत नाही."

बाकीचे कुठे गेले विचारलं. तीन मेले, एक-दोन कुणाच्या तरी पाकिटातून यो-यो म्हणून गेले.

कुठे सापडतो, कसं पाणी, हे त्याच्याकडून लिहून घेतलं. मोठ्या डोहात नाही. पाणी गुडघ्याएवढं, खाली वाळू आणि सुपारीएवढे गोटे, पाणी चालतं हवं. गोटा उचलला की आधी गढूळ होतं आणि मग मुरा शेजारच्या गोट्याखाली गेलेला असतो. सगळ्याच लहान लोचांना तिकडे मुरा म्हणतात का, असंही विचारलं, कारण ते महत्त्वाचं आहे. म्हणाला, पट्ट्याचाही मुराच, ठिपक्याचाही मुराच. तेव्हा नुसत्या बोलीतल्या नावावर जात ठरत नाही, हेही लिहून ठेवते. पण नीरा पुढे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. प्रजाती ओठांवरून, परावरून आणि टिपक्यावरून ठरली होती. नदी आता मिळाली.

घरी येऊन चिठ्ठी बदलली. 'सीएफ. बोटिया' काढलं. 'पॅराकँथोकोबायटिस मुरे (साइक्स, १८३९). नर. नीरा नदी, ता. भोर.' साइक्सचं स्पेलिंग बदलायचा मला अधिकार नाही, पण चिठ्ठी देवनागरीत आहे आणि देवनागरीत मी 'मूरेह' लिहिणार नाही.

सोमवार, २५ मार्च (धुळवड)

आज पोऱ्याचा फोन. गावाला चाललाय, "ताई, देता का तो, सोडतो नदीत. तिथलाच आहे."

मोह झाला. पण नाही. आठ आठवडे तो ब्रह्मपुत्रेकडच्या माशांबरोबर दुकानाच्या पाण्यात होता, त्याला पांढरे ठिपके होऊन गेलेत, माझ्या टाकीत आणखी काय काय आहे ते मलाच माहीत नाही. बरा झालेला मासाही रोग घेऊन जाऊ शकतो, आणि नदीतल्या मुऱ्यांना मॅलेकाइट ग्रीन द्यायला मी जाणार नाही. तसं सांगितलं. त्याला फारसं पटलं नाही. "एक मुरा तर आहे," म्हणाला. मग म्हणाला, "एकटा ठेवू नका मात्र. आणू का अजून दोन-तीन?"

यावर घरात अजून चर्चा चालू आहे. लेकीचं म्हणणं आणावेत, माझं म्हणणं टाकी आधी तीन फुटी करावी आणि प्रवाह वाढवावा. सासूबाई म्हणतात, कालवणाएवढे झाले की सांगा.

आजचं मोजमाप : प्रमाण लांबी ४.९. तापमान २६. पंप अर्ध्यावरून पूर्ण केला, पाण्याच्या धारेत तोंड करून बसतो. मोठ्या टाकीच्या काचेवर गोगलगायी ४.